वजन किती आणि वजन केव्हा? ड्रॅग रेसिंगच्या मागच्या शॉकअपचा छोटा इतिहास

दोन फोटो शेजारी ठेवून बघा. पहिला १९६० च्या दशकातला, अमेरिकेतल्या एखाद्या ड्रॅग स्ट्रिपवरचा. गाडी नुकतीच सुटलीय, नाक वर गेलंय आणि मागचा भाग असा खाली बसलाय, जणू कुणी डिकीत सिमेंटची पोती भरलीत. दुसरा फोटो आजच्या शर्यतीतला. इथेही नाक वर आहे, पण मागचा भाग बसलेला नाही, उठलाय. मडगार्ड आणि टायरमधली फट वाढलीय. टायर मात्र रस्त्यावर चेपलाय आणि त्याच्या कडेला सुरकुत्या पडल्यात. सगळेच फोटो असे नसतात, पण गठ्ठा चाळलात तर कल साधारण हाच दिसतो.

दोन्ही गाड्यांपुढचं काम एकच आहे: मागची चाकं जागेवर न फिरू देता पुढे झेपावायचं. मग एक गाडी बसते आणि दुसरी उठते, असं का?

माझा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास. 'शर्यतीच्या गाड्यांवर कसला इतिहास लिहायचा?' हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. या लेखात त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. वरच्या दोन फोटोंमध्ये माझ्या मते एक प्रश्न बदललाय. आधीची माणसं विचारत होती, 'मागच्या चाकांवर वजन किती?' नंतरची माणसं विचारायला लागली, 'ते वजन केव्हा?' प्रश्न असा का आणि कशामुळे बदलतो, हे शोधणं म्हणजे तंत्रज्ञानाचा इतिहास. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर विषय कुठलाही असो, हा प्रकार तुम्हाला भेटणारच आहे.

आधी खेळ समजून घेऊ

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रस्त्यावरची शर्यत. दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुरुवात, वळण नाही. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा साधारण ४०२ मीटर.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून हौशी पोरं गाड्या पळवत होती. तिथे मात्र लांबून पळत येऊन कमाल वेग गाठायचा असे. युद्धानंतर विमानांच्या धावपट्ट्या उपलब्ध झाल्या आणि उभ्या जागेवरून सुटायचा खेळ वाढला. १९५० साली सांता आना इथे विमानतळाच्या पट्टीवर सी. जे. हार्ट यांनी नियमित शर्यती सुरू केल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली. रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती नियमांच्या चौकटीत आणणं हा तिचा एक मोठा हेतू होता. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली, तीही युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावरच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सुरुवातीच्या काळात खरा मान होता तो शेवटच्या टप्प्यातल्या वेगाला. सुटल्यापासून पोहोचेपर्यंतची एकूण वेळ मोजणं आणि तिला महत्त्व देणं हळूहळू रुळलं. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

'किती'चा काळ

गाडी वेग घेते तेव्हा पुढच्या चाकांवरचं काही वजन मागच्या चाकांवर जातं. बसच्या ड्रायव्हरने एकदम ॲक्सिलरेटर दाबला की उभे प्रवासी मागे कलतात, तसंच. ड्रॅगमधल्या बहुतेक गाड्यांची ताकद मागच्या चाकांकडे जाते, म्हणून हे वजन हवंहवंसं. त्याचं सूत्र अगदी साधं आहे:

मागे जाणारं वजन = गाडीचं वजन × प्रवेग × गुरुत्वमध्याची उंची ÷ पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर

इथे प्रवेग गुरुत्वाच्या पटीत घ्यायचा. समजा गाडी १४०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटरवर, चाकांमधलं अंतर २.७५ मीटर आणि प्रवेग गुरुत्वाच्या निम्मा. तर १४० किलो मागे जातात. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर ६३० किलो असतील तर आता ७७० झाले. गुरुत्वमध्य ११ सेंटीमीटरने वर उचला, १४० चे १६८ होतात.

या सूत्राकडे बघून १९५० आणि ६० च्या दशकांतल्या गाड्या एकदम समजायला लागतात. मिशिगनमध्ये क्रायस्लरच्या तरुण इंजिनिअरांनी 'रॅमचार्जर्स' नावाचा क्लब काढला होता. त्यांनी १९४९ च्या एका प्लिमथ गाडीला इतकं उंच उचललं की तिचं नावच 'हाय अँड मायटी' पडलं. बघणाऱ्याला ती विनोदी वाटायची. पण सूत्रातल्या 'उंची'वर जोर लावायचा तर हेच करावं लागणार! त्याच काळातल्या 'गॅसर' वर्गातल्या गाड्याही अशाच नाक वर करून उभ्या असत. पुढे नियमांना इंजिनाच्या उंचीवर मर्यादा घालावी लागली.

१९६५ मध्ये क्रायस्लरने आणखी पुढची पायरी गाठली. काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांचा मागचा ॲक्सल साधारण १५ इंच पुढे आणला आणि पुढची चाकं साधारण १० इंच पुढे सरकवली. म्हणजे गाडी उभी असतानाच तिचं जास्त वजन मागच्या चाकांवर, शिवाय चाकांमधलं अंतर ५ इंचांनी कमी. एनएचआरएने या गाड्या आपल्या फॅक्टरी वर्गात घेतल्या नाहीत, तरी इतर शर्यतींत त्या गाजल्या. दिसायला इतक्या विचित्र की लोक त्यांना 'फनी कार' म्हणायला लागले. आज त्याच नावाचा स्वतंत्र वर्ग आहे.

आता सूत्र पुन्हा वाचा. त्यात वजन आहे, उंची आहे, अंतर आहे. स्प्रिंग कुठे आहे? शॉकअप कुठे आहे? कुठेच नाही. गाडी ठरावीक प्रवेगाने जात असताना एकूण किती वजन मागे जाईल, हे स्प्रिंग मऊ की कडक यावर अवलंबून नसतं. म्हणजे गाडीचा मागचा भाग जास्त बसला म्हणून जास्त वजन मागे गेलं, ही समजूत डोळ्यांना पटते, पण सूत्राला पटत नाही.

नऊ सेकंदांची भिंत

'किती'च्या काळात आणखी एक प्रश्न चर्चेत असे: पाव मैल कमीत कमी किती वेळात कापता येईल? हिशोब आपणही करू शकतो. धरून चला की गाडीचं सगळं वजन मागच्या चाकांवर आहे आणि टायर-रस्त्याचा घर्षणगुणांक १ आहे. म्हणजे प्रवेग फार तर गुरुत्वाइतका. उत्तर येतं साधारण ९.०६ सेकंद, आणि शेवटचा वेग ताशी १९९ मैल, म्हणजे ३२० किलोमीटर.

१९५७ मध्ये डॉन गार्लिट्स या फ्लोरिडाच्या चालकाने ब्रुक्सव्हिल इथे ८.७९ सेकंदांची वेळ आणि ताशी १७६.४० मैलांचा वेग नोंदवला. कॅलिफोर्नियातल्या अनेकांना हे खरं वाटेना. फ्लोरिडाची घड्याळंच चुकीची असणार, असं ते म्हणत.

इथे जरा थांबू, कारण साधनचिकित्सा म्हणतात ती हीच. '८.७९ म्हणजे ९.०६ पेक्षा कमी, म्हणून भिंत पडली', असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ड्रॅगचं घड्याळ गाडी हलल्याक्षणी सुरू होत नाही. चाकं प्रकाशकिरणातून पुढे सरकली की मगच सुरू होतं. समजा गाडी फूटभर सरकली. गुरुत्वाइतक्या प्रवेगाने त्या एका फुटाला पाव सेकंद लागतो. ९.०६ मधून पाव सेकंद वजा करा, ८.८१ उरतात. म्हणजे ८.७९ ही वेळ भिंतीच्या जवळजवळ वरच आहे! नुसत्या वेळेवरून काहीच सिद्ध होत नाही.

पण दुसरा आकडा बघा. प्रवेग सगळा वेळ गुरुत्वाइतका असता तर शेवटचा वेग १९९ मैल यायला हवा होता. नोंद आहे १७६ ची. शेवटी वेग कमी आणि वेळ मात्र तेवढीच, याचा अर्थ सुरुवातीच्या भागात प्रवेग गुरुत्वापेक्षा नक्कीच जास्त होता. दोन्ही आकडे विश्वासार्ह मानले, तर ते एकत्र वाचल्यावरच गोष्ट उघड होते. पुढे १९६४ मध्ये न्यू जर्सीत गार्लिट्सने ७.७८ सेकंद आणि ताशी २०१.३४ मैल नोंदवले, तेव्हा वादाला जागाच उरली नाही.

मग गणितात चूक कुठे होती? बेरीज-वजाबाकीत नव्हती. चूक होती 'घर्षणगुणांक १ पेक्षा जास्त नसतो' या गृहीतकात. आमोंतों आणि कुलों यांच्या घर्षणाच्या नियमांमध्ये असं बंधन कुठेच नाही. लाकूड, लोखंड, दगड यांचे आकडे बहुतेक वेळा १ च्या खाली येतात, त्यामुळे सवयीने ते गृहीत धरलं गेलं. रबराचं वागणं वेगळं. ते रस्त्याच्या खडबडीतपणात शिरतं, चिकटतं, ताणलं जाऊन ऊर्जा खातं. एम अँड एचसारख्या कंपन्या ड्रॅगसाठी खास रुंद, बिननक्षीचे 'स्लिक' टायर बनवत होत्या आणि त्यांची पकड पाठ्यपुस्तकाला विचारून चालत नव्हती. रबराचं घर्षण त्याच्या लवचिक-चिकट गुणधर्मांशी नेमकं कसं जोडलेलं आहे, हे दाखवणारा ग्रॉश यांचा गाजलेला शोधनिबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला १९६३ मध्ये. ब्रुक्सव्हिलच्या त्या नोंदीनंतर सहा वर्षांनी.

उजवं चाक हलकं का होतं?

आणखी एक अडचण होती आणि तिनेच शॉकअपकडे जायची वाट मोकळी केली. इंजिनापासून मागे जाणारा शाफ्ट फिरतो तेव्हा तो मागच्या ॲक्सलचं अख्खं हाउसिंगच पिळायला बघतो. नेहमीच्या अमेरिकन गाडीत याचा परिणाम असा की डावं मागचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि उजवं उचलायला बघतं.

एक दाबलं, एक सुटलं, बेरीज तीच ना? वजनाची बेरीज तीच, पकडीची नाही. टायरवर वजन वाढवत गेलं की पकड वाढते, मात्र त्याच प्रमाणात नाही. वरच्या प्रत्येक किलोचा मोबदला कमी-कमी मिळतो. त्यामुळे दोन चाकांवर समान वजन असेल तेव्हा एकूण पकड जास्त.

यावरचे उपाय बघा. क्रायस्लरच्या 'सुपर स्टॉक' पाट्यांमध्ये उजवा आणि डावा पाटा मुद्दाम वेगळा असे, उजवा जास्त कडक. कुणी उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालत. ॲक्सल पिळू नये म्हणून 'ट्रॅक्शन बार' नावाचे दांडे लावत. इथे पहिल्यांदा लक्ष एकूण वजनावरून हटून वजनाच्या वाटणीवर आलं. 'किती' हाच प्रश्न, पण आता 'कोणत्या चाकावर किती'.

शॉकअप नक्की काय करतो?

गाडीचं वजन पेलतो तो स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. तो हालचालीला विरोध करतो, आणि हालचाल जितकी वेगवान तितका विरोध मोठा. आत तेल आणि छिद्रं असलेला दट्ट्या असतो. दट्ट्या सरकला की तेलाला बारीक वाटेतून जावं लागतं. गाडी उभी असेल तर शॉकअपचा जोर जवळजवळ शून्य. म्हणजे हा भाग मुळात 'किती'चा नाहीच, 'किती वेगाने'चा आहे.

दाबताना लागणारा विरोध आणि ताणताना लागणारा विरोध वेगवेगळा ठेवता येतो. ड्रॅगवाल्यांनी याचा फायदा आधी पुढच्या बाजूला घेतला. '९०/१०' म्हणून ओळखले जाणारे पुढचे शॉक ताणले जाताना मोकळे आणि दाबले जाताना घट्ट असतात. त्यामुळे नाक पटकन वर जातं आणि सावकाश खाली येतं.

मागच्या बाजूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. मागचा ॲक्सल ज्या दांड्यांनी गाडीला जोडलेला असतो ते पुढे वाढवले तर कुठेतरी एका काल्पनिक बिंदूत मिळतात. या बिंदूच्या जागेवर ठरतं की गाडी सुटताना मागचा भाग बसेल की उठेल. 'लॅडर बार' आणि 'फोर-लिंक' या जोडण्यांमुळे, आणि विशेषतः फोर-लिंकमधल्या ओळीने पाडलेल्या भोकांमुळे, तो बिंदू हवा तिथे नेता येऊ लागला. बिंदू पुरेसा वर आणि मागे असेल तर मागचा भाग उठतो.

उठण्याचा फायदा काय? न्यूटनला विचारा. गाडीचा सांगाडा वर ढकलायला जो जोर लागतो, त्याची प्रतिक्रिया टायरला रस्त्यावर दाबते. त्या क्षणी टायरवर सूत्रात दिसतं त्यापेक्षाही जास्त वजन असतं. उलट मागचा भाग बसत असेल तर सांगाडा खाली येत असताना टायरवर सूत्रापेक्षा कमी वजन असतं आणि ते नंतर भरून निघतं. म्हणजे सुटण्याच्या नेमक्या क्षणी, पकड सगळ्यात जास्त हवी तेव्हा, बसणारी गाडी टायरला उपाशी ठेवते.

पण हे जास्तीचं वजन फुकट मिळत नाही, ते उसनं असतं. सांगाडा कायम वर जात राहू शकत नाही. तो थांबतो तेव्हा टायरवरचं वजन तेवढंच कमी होतं. घेतलेलं उसनं पै-पैसा परत जातं. मागच्या शॉकअपचं काम म्हणजे हे उसनं किती मोठं घ्यायचं आणि कशा हप्त्यांनी फेडायचं ते ठरवणं. ताणाची बाजू मोकळी ठेवली तर सांगाडा झपकन उठतो, टायरला जबरदस्त दणका बसतो, पण लगेच वसुलीही येते आणि टायर सुटतो. ताणाची बाजू घट्ट केली तर दणका सौम्य, फेडही सौम्य. सांगाडा परत खाली येताना दाबाची बाजू कामाला येते. ती फार मोकळी असेल तर गाडी मागे डोलत राहते आणि टायर आळीपाळीने दबतो-सुटतो.

घड्याळ बदललं, प्रश्न बदलला

फिरवून कमी-जास्त करता येणारे शॉक काही अलीकडचे नाहीत. नेदरलँड्समधली कोनी कंपनी आपला पहिला ॲडजस्टेबल शॉक १९४५ सालचा सांगते. कंपनीने स्वतःबद्दल सांगितलेला इतिहास जपूनच वाचावा, पण तारीख थोडी इकडे-तिकडे झाली तरी मुद्दा तोच राहतो. वस्तू बाजारात होती. मग मागच्या शॉकअपची एक-एक 'क्लिक' फिरवत पकड शोधायची पद्धत रुळायला इतकी वर्षं का लागली?

पहिलं कारण हाताशी निगडित आहे. कोनीचे ते जुने शॉक गाडीखालून काढायचे, पूर्ण दाबायचे, फिरवायचे आणि परत बसवायचे. दोन फेऱ्यांच्या मध्ये हे कोण करणार? बाहेरून बोटाने फिरवता येणारी खुंटी आली, त्यातही ताण आणि दाब यांच्या खुंट्या वेगळ्या झाल्या, तेव्हा प्रयोग करणं परवडायला लागलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शॉकअपचा परिणाम पहिल्या सेकंद-दीड सेकंदात दिसतो. तुमच्याकडे फक्त शेवटच्या वेगाचा आकडा असेल तर तो परिणाम त्यात जवळजवळ दिसतच नाही. एकूण वेळेत थोडा दिसतो, पण इंजिन, गिअर, वारा या सगळ्यांबरोबर मिसळून. स्ट्रिपवर ६० फुटांची वेळ वेगळी मोजून चिठ्ठीवर छापली जायला लागली, तेव्हा कुठे त्या पहिल्या क्षणांना स्वतःचा आकडा मिळाला. १९८० च्या दशकात गाडीवरच बसवलेले नोंदयंत्र आले. केनी बर्नस्टाइनच्या गाडीचे प्रमुख डेल आर्मस्ट्राँग यांना या वाटेवरच्या पहिल्यांपैकी एक मानतात. पुढे शॉकअपच्या दांड्याची हालचाल सेकंदाच्या बारीक तुकड्यांत टिपणारे सेन्सरही आले.

म्हणजे क्रम असा: आधी मोजमाप आलं, मग प्रश्न सुचला. 'केव्हा?' हा प्रश्न विचारायला 'केव्हा' मोजणारं काहीतरी हातात लागतं.

आज जाणकार माणूस मागचे शॉक कसे लावतो ते बघा. आधी एक पायाभूत फेरी. बाजूने व्हिडिओ. मग एकाच खुंटीला दोन्ही बाजूंना सारख्याच एक-दोन क्लिक. बाकी कशाला हात लावायचा नाही. फट झपकन उघडून टायर उसळत असेल तर ताण घट्ट. टायर न चेपताच फिरत असेल आणि फट उघडतच नसेल तर ताण मोकळा. प्रत्येक वेळी ६० फुटांची वेळ, रस्त्याचं तापमान, टायरमधली हवा वहीत. मला ही पद्धतच एक ऐतिहासिक साधन वाटते. व्हिडिओ, चिठ्ठी, खुंटी आणि वही यांपैकी एक काढून घ्या, पद्धत कोसळते.

शॉकअप नसलेली गाडी

माझ्या मांडणीची परीक्षा घ्यायची तर अशी गाडी शोधायला हवी जिच्यात मागचा शॉकअपच नाही. ती आहे, आणि ती या खेळातली सगळ्यात वेगवान गाडी आहे: टॉप फ्युएल ड्रॅगस्टर. तिचा मागचा ॲक्सल थेट चौकटीला जखडलेला असतो. लवचिकपणा असतो तो टायरच्या भिंतीत आणि लांबलचक नळ्यांच्या चौकटीत.

मग तिथे 'केव्हा'चं काय? तिथे ते काम क्लचकडे गेलं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या गाड्या सगळा पाव मैल टायरमधून धूर काढत जायच्या. मग मुद्दाम थोडा-थोडा घसरत पकडणारा क्लच आला, आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने केव्हा किती पकडेल याचं वेळापत्रक ठरवता येऊ लागलं. शॉकअप टायरवरचं वजन वेळेत वाटतो, हा क्लच टायरवरची ताकद वेळेत वाटतो. भाग वेगळा, प्रश्न तोच. त्यामुळे इतिहास लिहिताना मी एका वस्तूची गोष्ट सांगत नाही, प्रश्नाची सांगतो. नुसत्या शॉकअपचा इतिहास लिहिला असता तर सगळ्यात वेगवान गाडी त्याच्या बाहेरच राहिली असती.

तुमच्या कामाचं यात काय?

एक, शब्दांवर नजर ठेवा. 'वेट ट्रान्सफर' हा शब्द जुन्या मासिकांत आहे आणि आजही आहे. १९५९ चा माणूस तो वापरतो तेव्हा त्याच्या मनात उंच उचललेली गाडी असते. आजचा माणूस तोच शब्द शॉकअपची खुंटी फिरवताना वापरतो. शब्द टिकला, अर्थ सरकला. शोधयादीत शब्द सापडला म्हणजे कल्पना सापडली, असं समजू नका.

दोन, चुकीचं स्पष्टीकरण आणि चुकीचं काम यांची गल्लत करू नका. बसणारी गाडी बघून 'वजन मागे टाकलं' म्हणणारा माणूस शर्यत जिंकतही होता. त्याच्या हाताला जे कळत होतं ते त्याच्या वाक्यात उतरत नव्हतं, इतकंच. त्याला अडाणी ठरवणं सोपं असतं, पण त्यातून काही कळत नाही.

तीन, साधनं कुणी आणि का तयार केली ते विचारा. मासिकातला लेख शेजारच्या पानावर जाहिरात देणाऱ्या कंपनीच्या सुटे भागांबद्दल असू शकतो. नियमपुस्तकात जी बंदी दिसते, ती कुणीतरी आधी तसं करत होतं याचा पुरावा असते. खरी किल्ली असलेल्या वह्या मात्र क्वचित हाती लागतात, कारण स्पर्धेत आपली वही कोण दाखवणार? आणि माणूस खेळ सोडतो तेव्हा ती वही रद्दीत जाते.

या शेवटच्या मुद्द्यासाठी अमेरिकेतच जायला हवं असं नाही. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथेही गाड्या तयार करणारी माणसं आहेत, वेळेच्या चिठ्ठ्या आहेत, फोनमध्ये व्हिडिओ आहेत. कुठली खुंटी किती फिरवली आणि मग काय झालं, हे आज त्या माणसांना आठवतंय. पंधरा वर्षांनी आठवेलच असं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांच्याकडे जा, चहा घ्या, चिठ्ठ्यांचे फोटो काढा, तारखा लिहून घ्या. 'तुम्ही काय बदललं?' एवढंच विचारून थांबू नका. 'बदल करायला हवा हे तुम्हाला कशावरून कळलं?' हे नक्की विचारा. इतिहासकाराला हवं असलेलं बरंचसं त्या दुसऱ्या उत्तरात असतं.